तानाजी खोत, उजवा कोपरा

तानाजी खोत मला आधी ऐकू आला, मग दिसला.

टेक्सासच्या पलीकडच्या वाळवंटात, चँडलरला मुलाकडे येऊन मला पाच महिने झाले होते. दोन हजार चार साल. बायको शालन गेल्यावर इचलकरंजीच्या खोलीला कुलूप घालून महेश मला घेऊन आला. महेश कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत, सून स्वाती ऑफिसात, नात शाळेत. दिवसभर घरात मी आणि एसीची घरघर. म्हणून सकाळी ऊन तापायच्या आत मी कालव्याच्या कडेनं चालायला जायचो. कालव्याच्या टोकाला मोठं मैदान होतं. रविवारी तिथं गोरी पोरं बिनबाह्यांचे बनियन आणि आखूड चड्ड्या घालून अंड्यासारखा लांबट चेंडू लाथाडत असायची. मी कधी थांबलो नाही. मला त्यातलं काय कळणार.

एका रविवारी कानावर आलं, कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी.

मला वाटलं, डोकं फिरलं आपलं. शालन गेल्यापासून मला अधूनमधून तिच्या मागाच्या सुताच्या कांड्या भरायच्या चाकाचा आवाज यायचा, तसंच हे असेल. बघतो तर एक सावळा, रुंद खांद्यांचा पोरगा तो चेंडू छातीशी धरून पळतोय, ओठ हलताहेत, मागं दोन दांडगे गडी. मैदानाच्या मधनं निघाला तो पार टोकाला गेला. दम संपला तसा चेंडू लाथेनं उडवून दिला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि एक शिवी हासडली. ती शिवी पंचगंगेचे दोन काठ सोडले तर जगात कुठं देत नाहीत. माझे डोळे भरून आले. शिवीनं रडणारा मी पहिलाच असेन.

कुंपणाजवळ जाऊन विचारलं, "कुठला रे तू?"

त्यानं वळून बघितलं. "कुरुंदवाड. तुम्ही?"

"इचलकरंजी."

"मग आण्णा, ती पाण्याची बाटली द्या की जरा इकडं."

एवढंच. सात समुद्रापलीकडं गाववाला भेटला याचं त्याला काही नवल नाही. एसटी स्टँडवर भेटल्यासारखा बोलला. त्या दिवसापासून मी आण्णा झालो आणि तो तान्या.

खेळ ऑस्ट्रेलियाचा होता. त्यांचा फुटबॉल, पण हातपाय दोन्ही चालतात. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतनं चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतनं गेला तर एक. चेंडू घेऊन पळता येतं, पण पंधरा-सोळा ढांगांनी तो एकदा जमिनीवर आपटावा लागतो. हे सगळं मला तान्यानं सांगितलं. त्या भागात कामाधंद्याला आलेल्या पाच-सहा ऑस्ट्रेलियन माणसांनी तो संघ काढला होता, बाकीची भरती इथल्याच पोरांची. ग्लेन नावाचा एसी दुरुस्त करणारा गडी त्यांचा मास्तर. मान लाल, पोट सुटलेलं, आवाज मागाच्या शेडमध्ये ऐकू जाईल असा. त्यानं तान्याला विद्यापीठाच्या हिरवळीवर मित्रांबरोबर कबड्डी खेळताना बघितलं आणि विचारलं, येतोस का. तान्या सिव्हिल इंजिनीअरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला आला होता. म्हणाला, येतो.

तो कबड्डीतला उजवा कोपरा. आमच्याकडं गावोगाव मंडळं असतात, त्यातल्या एका मंडळाचा. जिल्ह्याकडनं तीन वर्षं खेळला. एका साली राज्याच्या संघाची निवड होती. बारा नावं वाचली, हा तेरावा. ते त्यानं मला एकदाच सांगितलं, चपाती खाता खाता, आणि लगेच विचारलं, "आण्णा, लोणचं हाय का?" पण मला कळलं. लोणचं त्यानं घेतलं नाही.

त्याला दम घोकल्याशिवाय पळताच यायचं नाही. चेंडू हातात आला की तोंड सुरू. बाकीची पोरं ढांगा मोजायची, हा कबड्डी मोजायचा. बाराव्या कबड्डीला चेंडू आपटायचा, बरोबर बसायचं. एका दमात तीनदा आपटून घ्यायचा. समोरच्या संघातली पोरं पहिल्यांदा दचकायची, वाटायचं मंत्र म्हणतोय. ग्लेनला ते खटकायचं. आवाज कानावर आला की हा कुठं आहे ते कळतं, आणि आवाज बारीक झाला की चेंडू सोडणार तेही कळतं. त्यानं एका रविवारी सांगितलं, गप्प पळ. तान्या गप्प पळाला आणि स्वतःच्याच पायात अडकून दोनदा तोंडावर पडला. ग्लेननं हात टेकले. पुढं सगळा संघच त्याच्याबरोबर घोकायला लागला. ती पोरं त्याला टॅनो म्हणायची. ऑस्ट्रेलियाची माणसं सगळ्या नावांना शेपूट लावतात, तो म्हणायचा.

दुसरी खोड जास्त नडली. कोपऱ्याचं काम घोटा पकडायचं. चढाईवाला पाय टाकतो, कोपरा झेप घालून घोटा आवळतो, मेला तरी सोडत नाही. या खेळात गुडघ्याखाली हात लावायचा नाही. लावला की शिट्टी, चेंडू समोरच्याला. टेक्सासकडनं आलेल्या संघाबरोबर पहिला सामना होता. तान्यानं पाच वेळा घोटा धरला, पाच वेळा शिट्टी. पाचव्या वेळी माझ्याजवळ आला, गुडघे फुटलेले.

"ह्यांच्यात पाय धरायचा न्हाई म्हणं. मग धरायचं काय, दाढी?"

मी जन्मभर मागावर जॉबर होतो, माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. नवीन पोरगं मागावर येतं तेव्हा त्याची नजर धोट्यावर खिळते, धोटा पळतो ना इकडनं तिकडं. आम्ही त्याला सांगतो, धोट्याकडं बघूच नको, कापडाच्या काठाकडं बघ. मी तान्याला तेच सांगितलं. सरावाला समोरच्या पोराच्या कमरेला लाल फडकं बांधायला लावलं. फडक्याकडं बघ, पाय हायतच न्हाईत असं समज. दोन महिने लागले. पण मग त्याची पकड अशी बसायला लागली की माणूस जागेवर उभा राहायचा. ग्लेननं माझ्या पाठीवर थाप मारली ती दोन दिवस दुखत होती.

तसा माझा तिथं काही उपयोग नव्हता. त्यांचे खांब म्हणजे प्लॅस्टिकचे पाइप, वाऱ्यानं पडायचे. मी त्यांना आतनं लोखंडी नळ्या घालून दिल्या. बाकी सावलीत बसायचो. पण आठवड्यातनं दोन दिवस कुणीतरी मला आण्णा म्हणणार, एवढ्यावर बाकीचे पाच दिवस निघायचे.

तान्या घरीही यायचा. तेलुगू पोरांबरोबर राहायचा, त्यांचा तिखटपणा त्याला कमी वाटायचा. आइस्क्रीमच्या डब्यातनं तांबडा रस्सा घेऊन यायचा. स्वातीला म्हणायचा, वहिनी, नुसती एक वाटी चाखा. स्वाती पुण्याची, ती एका घोटात पाणी प्यायला पळायची. नात त्याच्याशी इंग्लिशमधनं बोलायची, हा तिला मराठीत उत्तर द्यायचा आणि दोघांचं मस्त चालायचं. माझ्याशी ती तेवढं कधी बोलली नाही. खेळताना लागलं, खरचटलं, नख उपटलं, कुणी विचारलं की त्याचं एकच, "श्वास चालू हाय, म्हंजे डाव चालू हाय."

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ग्लेननं ती गोष्ट काढली. मेलबर्नपासून दोन-तीन तासांवर एक गाव आहे, तिथल्या क्लबचा शिकवणारा ग्लेनचा मेव्हणा. दुसऱ्या खेळातनं आलेली तयार अंगाची पोरं ते बघत होते. ग्लेननं तान्याच्या खेळाची कॅसेट पाठवली होती, कुणाला न सांगता. त्यांनी कळवलं, फेब्रुवारीत पाठव, महिनाभर बघतो, जमला तर हंगामभर ठेवतो, गावात कामही देतो. डिसेंबरात तान्याचं शिक्षण संपणारच होतं.

मला वाटलं उड्या मारेल. तो खाली बसला आणि गवत उपटायला लागला. मूठभर गवत उपटून झाल्यावर म्हणाला, "आण्णा, तिथं यादी लावतील. त्यात माझं नाव असंल."

बारा नावं वाचलेली तो विसरला नव्हता.

ते जूनमध्ये. जुलैत इथं चँडलरला धुळीची वादळं होतात. एका बुधवारी संध्याकाळी सराव चालू होता आणि दक्षिणेकडनं धुळीची भिंतच आली, डोंगराएवढी, तांबूस. सगळे गाड्यांत पळाले. मी ग्लेनच्या ट्रकमध्ये बसलो. तान्या राहिला. खांब पडताहेत म्हणून तो ते धरायला गेला. माझे खांब. वीस मिनिटं तो त्या धुळीत खांबाला मिठी मारून उभा होता. आला तेव्हा पापण्यासुद्धा तांबड्या. हसत होता, दातांत माती.

तीन आठवड्यांनी त्याला ताप आला. मग खोकला. मग रात्रीचा घाम, उशी पिळून काढावी असा. विद्यापीठाच्या दवाखान्यात गेला, त्यांनी छातीत कफ आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि सांगितलं, दहा दिवसांत उतार पडला नाही तर परत ये, फोटो काढू. उतार पडला नाही. तो परत गेला नाही.

इथं मला शालनचं सांगावं लागतं. ती कांड्या भरायची. तिला खोकला लागला तेव्हा मी म्हणालो, कापसाचा भुगा गेलाय छातीत, गूळ खा. चार महिने मी तिला गूळ खायला लावला. ताप यायचा, घाम यायचा, वजन उतरलं. सरकारी दवाखान्यात नेलं तोवर दोन्ही बाजूला पसरला होता. टीबी. नंतरच्या गोळ्या मी तिला रोज समोर बसवून दिल्या. एकही चुकली नाही. उशीर झाला होता.

म्हणून तान्याकडं बघितलं आणि मला कळलं. ताप, घाम, खोकला, उतरलेलं अंग. मी सातवी नापास माणूस, पण हे मी जवळनं बघितलं होतं. डॉक्टरला कळायच्या आधी मला कळलं, असं मला वाटलं.

कालव्याच्या कट्ट्यावर मी त्याला म्हणालो, "तान्या, तुला टीबी हाय."

त्यानं कट्ट्यावरची वाळू हातानं झाडली. मग म्हणाला, "ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला छातीचा फोटो मागतात, आण्णा."

त्यानं सगळी चौकशी केली होती. फोटोत डाग दिसला की संपलं, त्याच्या आत छाती साफ व्हायला हवी. इथं दवाखान्यात सांगितलं तर सरकारात नोंद होणार, कोंडून ठेवतील असं त्याच्या डोक्यात. गावाकडं कळलं तर आई अंथरूण धरेल, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं ते मोडेल. तो रडला नाही. फक्त विचारलं, "शालनकाकींना कुठल्या गोळ्या होत्या?"

त्या मला तोंडपाठ होत्या. माझ्या पुतण्याचं इचलकरंजीत औषधाचं दुकान आहे. स्वातीची आई सप्टेंबरात येणार होती. मी पुतण्याला फोन केला, माझ्यासाठी म्हणून सांगितलं. तिच्या बॅगेत पापडांच्या खाली सहा महिन्यांच्या गोळ्या आल्या.

आमचा नेम ठरला. रोज सकाळी सहाला कालव्याचा कट्टा. उपाशीपोटी. सरकारी दवाखान्यात ती नर्स शालनला जशी समोर बसवून गिळायला लावायची आणि तोंड उघडून दाखव म्हणायची, तसं मी त्याला करायचो. तो जीभ बाहेर काढून दाखवायचा. "बघा, पोटात गेली. घर बघायला गेली." त्या गोळ्यांनी लघवी तांबडी होते. सामन्याच्या दिवशी पोरांनी बघितलं आणि घाबरली. यानं सांगितलं, बीट खाल्लंय, ताकद येते. पुढच्या रविवारी दोन पोरं बिटाचा रस पिऊन आली. सांगताना तो इतका हसला की खोकत खोकत वाकला.

ऑक्टोबरात त्याला बरं वाटलं. ताप गेला, दोन किलो वजन वाढलं. मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, शालन, यावेळी मी वेळेत ओळखलं. त्या तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

नोव्हेंबरात परत खोकला. आता सांधे दुखायचे, नडगीवर लाल गाठी यायच्या. मी म्हणालो, औषधाची गरमी आहे, ताक पी. त्याचा दम मी बसल्या बसल्या बोटांवर मोजायचो. पूर्वी एका दमात तीनदा चेंडू आपटायचा. आता दोनदा. मग एकदा. एका रविवारी बाराव्या कबड्डीपर्यंतही पोचला नाही, आठवर तुटला, आणि समोर कुणी नसताना त्यानं चेंडू लाथेनं टाकून दिला. ग्लेननं विचारलं, काय झालं. म्हणाला, परीक्षा आहे, झोप नाही. ग्लेननं माझ्याकडं बघितलं. मला इंग्लिश येत नाही, पण मान हलवता येते. मी हलवली.

डिसेंबरात पदवी मिळाली. काळा झगा घालून फोटो काढायला उभा राहिला आणि फोटो झाल्याबरोबर पायऱ्यांवर बसला. डोळे पिवळट वाटत होते. मी महेशला विचारावं असं मनात आलं. महेशला सांगायचं म्हणजे गोळ्या सांगायच्या. नाही सांगितलं. "निघायला दीड-दोन महिने राहिलेत, आण्णा," तान्या म्हणाला. "तेवढं काढतो."

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तो मैदानात छाती धरून खाली बसला. मी आधी बघितलं, कारण आवाज बंद पडला होता. पळत गेलो. त्याचे ओठ निळे होते. ग्लेननं त्याला पोत्यासारखा उचलला आणि ट्रकमध्ये घातला.

हॉस्पिटलात एक पंजाबी डॉक्टरीण होती. महेश आला होता. तिनं फोटो लावून दाखवले, रक्त तपासलं, आणि दोन दिवसांनी हिंदीत समजावलं, मला कळावं म्हणून. हा टीबी नाही. इकडच्या वाळवंटाच्या मातीतच एक बुरशी असते. धुळीबरोबर छातीत जाते. बहुतेकांना थोडा ताप येऊन जातो, काहींच्या फुफ्फुसात घर करते. फोटोत टीबीसारखीच दिसते. तिला व्हॅली फिव्हर म्हणतात. रक्ताच्या एका तपासणीत कळते, औषध वेगळं असतं. याच्या फुफ्फुसात पोकळी होऊन ती फुटली होती. आणि ज्या गोळ्या तो चार महिने खात होता त्यांनी त्या बुरशीचं काही झालं नव्हतं, त्याचं लिव्हर तेवढं खराब झालं होतं.

आमच्या शेजारच्या कुत्र्याला तोच आजार झाला होता, ते मला नंतर कळलं. त्याच सप्टेंबरात. जनावरांच्या डॉक्टरनं पहिल्या दिवशी ओळखला. कुत्र्याला बरोबर औषध मिळालं. ते अजून भुंकतं.

डॉक्टरीणबाई रागावली होती. तिनं तान्याला विचारलं, या गोळ्या तुला कुणी दिल्या.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तान्याच्या नाकात नळी होती. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, मीच आणल्या, येताना बॅगेत होत्या.

मी गप्प उभा राहिलो. हे मी लिहून ठेवतोय. मी गप्प उभा राहिलो. महेश माझ्याकडं बघत होता. पापडांची बॅग त्यानंच विमानतळावरनं उचलून आणली होती.

उजव्या फुफ्फुसाचा एक तुकडा काढला. त्या यादीसाठी ऑस्ट्रेलियाला पोचायचं होतं त्या आठवड्यात तान्या आयसीयूत होता. ग्लेन यायचा, टोपी मांडीवर ठेवून बसायचा. मेव्हण्याला मी कळवलंय, असं त्यानं सांगितलं. पुढच्या वर्षीचं बघू, असं तो म्हणाला नाही, आणि तान्यानं विचारलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, फिरेल, नोकरी करेल, कितीतरी वर्षं गोळ्या घ्याव्या लागतील. पळायचं मात्र नाही.

तो महिनाभर आमच्या घरी होता. महेशनं त्याला आपणहून आणला. मला तो एक शब्द बोलला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं. एका दुपारी कुरुंदवाडहून तान्याच्या वडिलांचा फोन आला. पोराशी बोलले आणि मग म्हणाले, आण्णांना द्या. मी फोन घेतला. शेतकरी माणूस, आवाज रडवेला. म्हणाले, आण्णा, आम्ही इतक्या लांब, तुम्ही होता म्हणून माझं पोरगं वाचलं. तुम्ही त्याला रोज सकाळी स्वतः औषध देत होता म्हणं. तुमचे उपकार कसे फेडू.

रोज सकाळी औषध. तान्यानं तेवढं सांगितलं होतं. कुठलं ते सांगितलं नव्हतं.

 फोन ठेवला आणि तान्याच्या खोलीत गेलो. तो खिडकीशी बसला होता, अंगावर शाल, उन्हाळ्यात.

मी म्हणालो, "उद्या मी फोन करतो आणि तुझ्या बाला सांगतो. सगळं."

"नका सांगू."

"तुझी छाती मी खाल्ली, तान्या. त्यांना कळू दे."

त्याला बोलताना मधे थांबावं लागायचं. थांबला. मग म्हणाला, "परमुलखात आपल्या पोराचं कुणीतरी होतं, एवढंच त्यांच्या हातात राहिलंय, आण्णा. तेवढंबी काढून घेताय का?"

मी त्याच्यापुढं वाकायला गेलो. त्यानं माझे हात धरले. पकड अजून तशीच होती, सुटली नाही. म्हणाला, "बसा. चहा आणतो म्हणाला होता मघाशी." मी म्हणालो नव्हतो. पण मी गेलो आणि चहा टाकला.

त्याच्या वडिलांना मी कधी सांगितलं नाही. पुढं वर्षभरानं त्यांनी आंबे पाठवायची तजवीज केली, कुणी येणाऱ्याबरोबर. इथल्या विमानतळावर ते काढून घेतले. बरं झालं. ते माझ्या घशाखाली उतरले नसते.

मे महिन्यात तो गेला. महेशनं गाडी चालवली. विमान कंपनीनं चाकाची खुर्ची आणली होती, ढकलणारा माणूसही होता. तान्यानं नको म्हणून सांगितलं. चालत जातो, म्हणाला. महेशला मिठी मारली, माझ्या पाया पडायला वाकला, मी वाकू दिलं नाही, तेवढ्यानंही त्याला धाप लागली असती. आत सोडायला मनाई, आम्ही दोरीपाशी थांबलो. पुढं तपासणीची लांब रांग.

दहा-बारा पावलं गेला आणि खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. उठला, चालला. परत बसला, दुसऱ्या पायाची बांधली. मागची माणसं थांबायची, मग वळसा घालून पुढं जायची. महेश म्हणाला, नवीन बूट दिसतायत, सैल होत असतील.

ते बूट आदल्या दिवशी मीच दुकानातनं आणले होते. तपासणीत काढायला-घालायला सोपे जावेत म्हणून बघून आणले होते. त्यांना नाड्या नव्हत्या.

 तिसऱ्यांदा तो बसला तेव्हा बराच वेळ उठला नाही. दोन्ही हात बुटांवर, मान खाली, पाठ वरखाली होताना इतक्या लांबनं दिसत होती. मग उठला, खांदे सरळ केले आणि मागं न बघता काचेच्या पलीकडं गेला.